तोंड झाकलेला रॅपर आणि ३०० डॉलरचा अल्बम: बाणेदारपणा की नखरे?

जर्सीकर (धागाकर्ता)

न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचा माक-हॉमी हा हैतियन-अमेरिकन रॅपर इथे किती जणांनी ऐकलाय? खरं नाव गुलदस्त्यात, तोंडावर हैतीच्या झेंड्याचा रुमाल, मुलाखती मोजक्याच. २०१६ साली त्याने 'एचबीओ: हेशियन बॉडी ओडर' (म्हणजे 'हैतियन अंगाचा वास') हा अल्बम थेट ३०० डॉलरला विकायला काढला. लोक हसले. पुढे त्याने आपल्या गाण्यांचे शब्दही संकेतस्थळांवरून उतरवायला लावले.

माझ्या मते ही विक्षिप्तपणाची हौस नाही, सरळ हिशोब आहे. स्ट्रीमिंगवर एका ऐकण्याचे साधारण ०.३ ते ०.४ सेंट सुटतात, तेही वाटेकऱ्यांत विभागून. शंभर जणांनी ३०० डॉलर मोजले तर ३०,००० डॉलर झाले. तेवढ्यासाठी स्ट्रीमिंगवर ७५ लाख ते एक कोटी वेळा वाजावं लागेल. लाखो लोकांनी कामं करता करता मागे लावून ठेवण्यापेक्षा थोड्यांनी कान देऊन ऐकावं, असं ठरवून उभं केलेलं हे करिअर आहे. आणि ते टिकलं. मधला बेबनाव मिटवून रॅपर वेस्टसाइड गनने त्याला आपल्या ग्रिसेल्डा या रॅपरांच्या गटात परत आणलं आणि मे २०२१ मध्ये 'प्रे फॉर हैती' आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला.

कानसेन

असहमत. अल्बमच्या नावामागची गोष्ट तुम्ही गाळलीत, आणि मुद्दा तिथेच आहे. 'एचबीओ' ही अमेरिकेतल्या शाळांत हैतियन पोरांना दिली जाणारी शिवी. अंगाला वास येतो म्हणून. १९८३ मध्ये तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने एड्सचा धोका असलेल्या गटांत चक्क 'हैतियन' लिहिलं. १९८५ मध्ये ते काढलं, पण १९९० मध्ये अन्न-औषध प्रशासनाने हैतियनांच्या रक्तदानावर बंदी घातली. २० एप्रिल १९९० ला ब्रुकलिन ब्रिजवरून हजारोंचा मोर्चा निघाला, तेव्हा कुठे त्या वर्षअखेर बंदी उठली. हा सगळा अपमान ज्या पोरांनी गिळला, त्यांच्या खिशात ३०० डॉलर होते का? त्यांची शिवी अल्बमवर लावायची आणि अल्बम विकायचा हौशी संग्राहकांना!

जर्सीकर

@कानसेन, त्याच शिवीची किंमत त्याने ३०० डॉलर लावली. जणू म्हणतोय, तुम्ही ज्याला फुकट नाक मुरडलंत त्याचे आता पैसे मोजा. मला तर यात खवचट विनोद दिसतो. बाकी स्वस्तात द्यायची सक्ती नेहमी कलावंतालाच का? चित्रकाराला कोणी विचारत नाही.

वाचनमात्र

किमतीचं मला सोयरसुतक नाही. पण शब्द काढायला लावणं पटत नाही. हा माणूस मधेच हैतियन क्रेओल भाषेत शिरतो, एका ओळीत तीन संदर्भ असतात. आमच्यासारख्या परक्या श्रोत्याने काय करायचं? कपाळ बडवायचं?

जर्सीकर

परत ऐकायचं! शब्द त्याने लिहिले, ते छापून जाहिरातींवर कमावणार दुसरंच कोणीतरी. त्याचा आक्षेप मला रास्त वाटतो.

पोफळी

थोडा इतिहास. १८०४ मध्ये गुलामांनी बंड जिंकून हैती स्वतंत्र केला. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका आणून मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले, का तर मळेवाल्यांचं नुकसान झालं. त्या नुकसानीत गुलामसुद्धा धरले होते! रक्कम पुढे ९ कोटींवर आली, पण त्यापायी काढलेल्या कर्जांचा फेरा १९४७ पर्यंत चालला. ज्यांच्या पूर्वजांनी स्वतःच्याच शरीराची किंमत हप्त्याहप्त्याने भरली, त्यांच्यातला एक जण म्हणतो, माझ्या मालाचा भाव मी ठरवणार.

कानसेन

अहो पोफळी, इतिहास बरोबर, पण अल्बमच्या किमतीला १८२५ चा टेकू म्हणजे अतीच. २०१३ मध्ये रॅपर निप्सी हसलने 'क्रेन्शॉ' हा अल्बम १०० डॉलरला विकलाच होता, जे-झीने त्याच्या शंभर प्रती घेतल्या. तो लॉस एंजेलिसचा. आता यात फ्रान्स कुठून आणणार?

मला खुपतो तो रुमाल. 'प्रे फॉर हैती'च्या कमाईतला वाटा हैतीतल्या शिक्षणासाठी देणार असं जाहीर केलं होतं. चांगलंच आहे. पण ज्याचं नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही, त्याला हिशोब कोण विचारणार?

पोफळी

चेहरा दाखवणाऱ्यांनी तरी काय दिवे लावले? फ्यूजीज या हिप-हॉप गटाचा वायक्लेफ जाँ. हैतीत जन्मला, वाढला बराचसा जर्सीतच, जगभर ओळखीचा चेहरा. २०१० च्या भूकंपानंतर त्याच्या 'येले हैती' संस्थेकडे लाखो डॉलर आले, हिशोबावरून चौकशी लागली, २०१२ मध्ये संस्था बंद. हैतीच्या अध्यक्षपदाला उभा राहायला निघाला होता, अर्जच बाद झाला. चेहऱ्याने हिशोब चोख राहतो हा समज सोडा.

कानसेन

तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. वायक्लेफला निदान विचारता आलं, चौकशी झाली, लाज निघाली. रुमालाला कोणती नोटीस पाठवाल?

वाचनमात्र

@कानसेन +१. आणि जर्सीकर, 'प्रे फॉर हैती' काय, २०२४ चा 'रिच अ‍ॅस हेशियन' काय, दोन्ही स्ट्रीमिंगवर आहेत. दुसऱ्यात तर केट्रानाडासारखा नामांकित संगीत-निर्माता आहे. मग तुमच्या त्या 'मोजक्या कानांचं' काय झालं?

जर्सीकर

आधी नाव कमावलं, भाव ठरवला, मग मोठं दार उघडलं. उलट्या क्रमाने गेला असता तर आज आपण भांडत नसतो. आणि केट्रानाडाही मूळचा हैतीचाच, पोर्ट-ऑ-प्रिन्सचा जन्म, वाढला माँट्रियलजवळ. म्हणजे मोठ्या दारातून जातानाही घरचाच माणूस सोबत घेतला. हिशोबाच्या मुद्द्यावर मात्र कानसेनांना माझ्याकडे उत्तर नाही.

नवा भिडू

अवांतर: भांडण मस्त चाललंय, पण सुरुवात कुठून करू?

कानसेन

'प्रे फॉर हैती'. नंतर २०१७ चा 'फेत दे मोर', त्यात रॅपर अर्ल स्वेटशर्टचं संगीत आहे. पहिल्यांदा डोक्यावरून जाईल. रात्री हेडफोन लावून ऐका, बसमध्ये नको.