अनुभव धागा: चौकातली पावती आणि विधानभवनातला प्रश्न

जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध संप पुकारला. पावसाळी अधिवेशन नुकतंच सुरू झालं होतं. त्याच दिवसांत वाहतूक विभागाच्या अपर पोलीस महासंचालकांचं परिपत्रक निघालं: खासगी मोबाइलवर गाड्यांचे फोटो काढून मागाहून चलन टाकायचं नाही. वर्षानुवर्षांची तक्रार आणि निकाल लागला तो संप आणि अधिवेशन एकत्र आल्यावर.

उलटं उदाहरणही आपल्याकडेच आहे. संसदेने मंजूर केलेले वाढीव दंड देशात १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी गडकरींना पत्र लिहून दंड कमी करायची विनंती केली आणि राज्यात अंमलबजावणी थांबली, ती थेट डिसेंबर २०२१ पर्यंत. शेजारच्या गुजरातने तर दंडाचे आकडेच खाली आणले.

तर विचारायचं हे: तुमच्या रस्त्यावर नियम कधी आवळला गेला, कधी सैल सुटला आणि त्यात राजकारणाचा हात तुम्हाला कुठे दिसला? नगरसेवकाचा फोन, आमदाराचा प्रश्न, मंत्र्याचा दौरा, काहीही चालेल. नावं नकोत, आणि पक्षांची धुणी इथे धुवू नका.

छोटा टेंपो, भाजीपाला वाहतूक

संपात मी होतो. सगळ्या मागण्या पटल्या असं नाही. सिग्नल तोडला तर घ्या की दंड. पण माल उतरवायला जागाच ठेवली नाही त्याचं काय? मार्केटबाहेरच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी नो पार्किंग. दुकानदार म्हणतो इथंच उतरव, हमाल म्हणतो पाच मिनिटं. रात्री जेवायला बसलो की मेसेज. फोटो उघडला तर आमचा फाळका, अर्धे उतरलेले टोमॅटोचे क्रेट, हमालाची पाठ आणि कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचं बोट. मी गाडीतच होतो, काच वाजवायला कुणी आलं नाही.

परिपत्रकानंतर आमच्या पट्ट्यात काही दिवस पोलीस चलनाचं मशीन घेऊन समोर यायला लागले. दंड तेवढाच. पण माणूस समोर आला की दोन शब्द बोलता येतात, गाडी पुढे घेता येते. आता परत कडेला उभं राहून मोबाइल वर करणारे दिसतात. अधिवेशन संपलं ना.

निवृत्त वाहतूक हवालदार

टेंपोवाल्या भाऊंचं खोटं नाही. पण आमचंही ऐका. चौकात माणसं चार, मशीन एक, आणि तिची बॅटरी दुपारीच मान टाकते. टार्गेट कागदावर कधी नसतं. सकाळी हजेरीला साहेब विचारतात, "काल किती केसेस?" त्यात सगळं आलं.

मोबाइलवर फोटो का काढायचो? गाडी अडवली की काच खाली होते आणि कागदांच्या आधी फोन बाहेर येतो. "बोला, साहेब लाइनवर आहेत." कोण साहेब ते ओळखायचं काम आपलं. कधी पीए, कधी नगरसेवकाचा मेहुणा, कधी आवाजावरूनच कळतं की बाजूच्या टपरीवरचा कुणीतरी आहे. पण खात्री कोण करणार? नाही ऐकलं आणि खरंच साहेब निघाले तर महिन्याभरात बदली. लांबून फोटो काढला की हा फोनच येत नाही. ही अडचण सभागृहात कुणी मांडली नाही, आमच्या वरिष्ठांनी तर नाहीच.

आचारसंहिता लागली की हे फोन कमी व्हायचे. तेवढ्या दिवसांत नोकरी केल्यासारखी वाटायची. मात्र त्याच दिवसांत रॅल्या. झेंडे लावलेल्या शेकडो दुचाकी, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही, तिघं तिघं बसलेले, आणि सिग्नल बंद करून त्यांना वाट करून देणारे आम्ही. दुसऱ्या दिवशी कॉलेजचा पोरगा पकडला की म्हणायचा, "काका, काल सुट्टीवर होता का?"

पुण्यातली आजी, अजून स्कूटर चालवते

पुण्याचं हेल्मेटपुराण मी लिहिलं नाही तर धागा अपुरा राहील. १ जानेवारी २०१९ पासून पोलीस आयुक्तांनी हेल्मेटची कारवाई सुरू केली आणि दोन दिवसांत मोर्चा निघाला, काही मंडळी पगड्या घालून. विरोधात सगळे पक्ष एका माळेचे मणी. एरवी पाण्यावरून, मेट्रोवरून भांडणारे इथे मात्र एकदिलाने डोकं मोकळं ठेवायला निघाले! जूनमध्ये शहरातले आमदार मुख्यमंत्र्यांना भेटले आणि रस्त्यावरची कारवाई थंडावली. विधानसभा चार महिन्यांवर होती, हा अर्थातच योगायोग.

लक्षात घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मधली हेल्मेटसक्ती कुणीही काढली नाही. कायदा तोच राहिला, फक्त बघायचं नाही असं ठरलं. मी हेल्मेट आधीपासून घालते. सोसायटीतले एक गृहस्थ अजून ते कोपराला अडकवून जातात. चौक आला की डोक्यावर, चौक गेला की कोपरावर.

आमदारांच्या कार्यालयात काम केलं आहे

पडद्यामागचं थोडं सांगतो. आमच्याकडे दिवसाला जी माणसं यायची त्यांत 'चलन माफ करून द्या' वाले ठरलेले. ऑनलाइन चलन आमदारही पुसू शकत नाही, हे त्यांना पटत नसे. मग राग शांत करायला आम्ही प्रश्न टाकायचो. "अमुक शहरात नागरिकांवर अन्यायकारक कारवाई होत आहे, हे खरे आहे काय?" खात्याकडून उत्तर यायचं, "हे अंशतः खरे आहे." पुढे "असल्यास चौकशीत काय आढळून आले?" याला "प्रश्न उद्भवत नाही." कात्रण व्हॉट्सअॅपवर फिरलं की काम झालं.

पण सगळंच नाटक नसे. लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना) लागली तर मंत्र्याला उभं राहून बोलावं लागतं, गॅलरीत अधिकारी घामाघूम होऊन चिठ्ठ्या पाठवतात. एकदा आम्ही विचारलं, एका रस्त्यावर कॅमेऱ्याने एवढी चलनं केली, मग वेगमर्यादेची पाटी कुठे आहे? उत्तर तयार होण्याआधीच तिथे पाटी लागली. माझ्या मते असले बारके, नेमके प्रश्न सगळ्यात उपयोगी. 'दंड रद्द करा' ही घोषणा असते, 'पाटी कुठे आहे' याला उत्तर द्यावं लागतं. एक निरीक्षण मात्र बोचतं: दंडाबद्दल विचारा म्हणून रांग लागायची, अपघात का होतात ते विचारा म्हणून कुणी आल्याचं आठवत नाही.

ऊसपट्ट्यातला डॉक्टर

वरच्या शेवटच्या वाक्यावरून लिहितोय. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत महाराष्ट्रातली १५ हजारांवर. आमच्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की माझ्याकडची रात्र बदलते. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंना हात हात बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ड्रायव्हरने टेप एवढ्या मोठ्याने लावलेला की मागचा हॉर्न त्याला ऐकूच येत नाही. मोटारसायकलवाल्याला तो दिसतो तेव्हा अंतर उरलेलं नसतं.

याच रस्त्यावर दिवसा हेल्मेटच्या पावत्या फाडतात. ट्रॉलीला हात कोण लावणार? कारखान्याचे संचालक कोण, गावात ट्रॉल्या कुणाच्या आणि मतं कुणाच्या मागे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होतो. मान्यवर लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवतात, फोटो छापून येतो. पहिल्या चार ट्रॉल्यांना पट्टी मिळते. उरलेल्या तशाच जातात. वाहतुकीच्या नियमांवर राजकीय लक्ष हवंच असेल तर कारखान्याच्या गव्हाणीकडे निघालेल्या या ट्रॉल्यांवर द्या, मी स्वतः निवेदन लिहून देतो.

टोरांटोहून

इथेही फार वेगळं नाही. ऑन्टारियोत शाळांजवळ वेग मोजणारे कॅमेरे होते. प्रांताचे प्रमुख डग फोर्ड यांनी ते पैसे उकळायचं साधन असल्याचं म्हणत कायदाच बदलला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅमेरे बंद झाले. बऱ्याच महापौरांनी विरोध केला होता. आमच्या गल्लीतल्या गाड्यांचा वेग वाढला हे सांगायला कॅमेरा लागत नाही.

वकिली करते

टेंपोवाल्या दादांसाठी कामाचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. त्यानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यावरच्या चलनाची सूचना गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत पाठवायला हवी, कॅमेऱ्याचं उपकरण प्रमाणित हवं आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत पुरावा जपून ठेवायला हवा. पोर्टलवर तक्रारीची सोय आहे, तिथे फोटोतली जागा आणि तारीख घालून लेखी टाका. 'लोकअदालतीत निम्म्यात होतं' म्हणून साठवत बसू नका, सवलत दर वेळी मिळेलच असं नाही. आणि चूक चलन असेल तर निम्मं तरी का भरायचं?

छोटा टेंपो, भाजीपाला वाहतूक

ताई, आभार. तारखा काढल्या. दोन चलनांचा मेसेज महिन्यानंतर आलेला आहे, त्यांची तक्रार टाकतो. तिसरं वेळेवर आलंय आणि बरोबर आहे, ते भरतो. हवालदार काका, तुमच्या वेळी मार्केटजवळ माल उतरवायला पट्टा आखून द्या असा कागद वर कधी गेला होता का? गेला असेल तर साधारण कुठल्या साली, तेवढं सांगा. संघटनेकडून माहिती अधिकारात मागवतो.