नवरा फिलिपिनो, आता इलोइलोला त्याच्या गावी राहायला जायचंय... जाण्याआधी हक्कसोडीवर सही करू का?

वेंगुर्ल्याची_लेक

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याची, अबु धाबीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नवरा फिलिपिनो, एसी मेंटेनन्समध्ये आहे, तिथल्याच सिव्हिल कोर्टात आमचं लग्न झालं. माणूस फार चांगला आहे हो, माझी आई व्हिडिओ कॉलवर दिसली की आधी नमस्कार करतो मग बोलतो. आता त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आलाय, भावंडांत हा मोठा, त्यामुळे त्याला कायमचं घरी परतायचंय आणि मलाही ते पटतंय. त्याचं गाव पनाय बेटावर, इलोइलो प्रांताच्या उत्तरेला, अगदी समुद्राला लागून. जुनं घर 2013 च्या योलांडा वादळात गेलं, त्यानंतर पत्र्याचं तात्पुरतं बांधलंय, तर आता माझ्या आणि त्याच्या सेव्हिंगमधून सासऱ्यांच्या जागेत पक्कं घर बांधायचं असा विचार चाललाय.

इकडे माझ्या भावाचं म्हणणं की तू आता इतक्या लांब जातेस, परत काय येणार नाहीस, तर जाण्याआधी आंब्याच्या बागेच्या आणि घराच्या हक्कसोडपत्रावर सही करून जा, नंतर तुला शोधत कुठे बसायचं. बाबा वारले तेव्हा सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तिघांची वारस नोंद झालीय. भाऊ वाईट नाहीये, बाग तोच राखतो, फवारणी, राखण, पेट्या भरणं सगळं त्याच्यावरच. म्हणून मलाही वाटतं देऊन टाकावं. पण आई गप्प आहे आणि तिचं गप्प बसणं मला खातंय.

तिकडे राहणाऱ्या कुणी व्हिसा, नोकरी, घर, सासर याबद्दल खरं खरं सांगाल का? आणि सहीचं काय करू?

पनायची_मालवणी

गो बाय, पयल्यांदा तुका एकच सांगतंय, सही करू नको. बाकीचा मागसून.

मी मालवणची, नवरा इथलाच, आम्ही इलोइलो शहरात राहतो, बरीच वर्षं झाली. सासरचं म्हणशील तर माणसं मायेची असतात. घरात शिरल्यावर मोठ्यांचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा, हे एवढं पहिल्या दिवशी केलंस की म्हातारी माणसं तुझीच होतात. जेवणाची काळजी तर करूच नको, तीन वेळा भात, मासे रोजचे, नारळाच्या दुधातली फणसाची भाजी, शेवग्याचा पाला, सुकी मासळी, सगळं ओळखीचं. कोकम मिळत नाही पण इथे बाटुआन नावाचं आंबट फळ सारात घालतात, ते कोकमाच्याच कुळातलं झाड आहे, मी त्यात बांगड्याचं तिखलं करते आणि सासू मागून घेते. डुकराचं मांस मात्र जवळजवळ प्रत्येक सणाला असतं, तुला चालत नसेल तर सुरुवातीलाच स्पष्ट सांग, कुणी रागावत नाही. शहरात इंग्लिशवर भागतं, पण गावात इथली बोली हिलिगायनोन शिकावीच लागेल, नाहीतर सगळे हसतात तेव्हा तू नुसती बघत बसशील आणि ते फार एकटं पाडतं. आणखी एक, गावाकडे भारतीय माणूस म्हणजे मोटरसायकलवरून फिरून व्याजाने पैसे देणारा पंजाबी अशीच ओळख आहे, पाच दिले की सहा घेणारा. तुझ्याकडेही सुरुवातीला तसंच बघतील, मनाला लावून घेऊ नको.

आता व्हिसाचं. लग्नावरून जो इमिग्रंट व्हिसा मिळतो त्याला 13-ए म्हणतात, पहिलं वर्ष प्रोबेशनचं आणि मग पर्मनंट. पण तो ज्या देशांशी त्यांची परस्पर सवलत आहे त्यांच्यासाठी, बाकीच्यांना लग्नावरूनच टेम्पररी रेसिडेंट व्हिसा असतो. तुझ्या केसला कोणता लागू होतो ते अबु धाबीच्या फिलिपिन्स वकिलातीतून लेखी घे, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नको. जून 2025 पासून आपल्या पासपोर्टवर 14 दिवस व्हिसाशिवाय जाता येतं म्हणून कुणी म्हणेल ये गं असंच आणि इथे आल्यावर बदलून घे, तर तसं होत नाही, ते दिवस वाढवून मिळत नाहीत आणि त्याचा दुसरा व्हिसाही करता येत नाही. लग्नाची नोंद त्यांच्या वकिलातीत केलीस का? रिपोर्ट ऑफ मॅरेज दिल्याशिवाय पीएसएचा, म्हणजे इथल्या सरकारी नोंदणी खात्याचा, लग्नाचा दाखला निघत नाही आणि त्या दाखल्याशिवाय इथे पान हलत नाही. जन्मदाखला, डिग्री सगळ्याला भारतात अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का, करून घे, फिलिपिन्स 2019 पासून अपोस्टिलच्या करारात आहे. रेसिडेंट झालीस की दरवर्षी पहिल्या 60 दिवसांत इमिग्रेशनला जाऊन हजेरी द्यावी लागते, हे विसरायचं नाही.

आणि नोकरी. हे नीट वाच. मेडिकल टेक्नॉलॉजी इथे लायसन्सचा धंदा आहे आणि असे व्यवसाय घटनेनेच मुळात त्यांच्या नागरिकांसाठी ठेवलेत, अपवाद फार थोडे. म्हणजे लॅबमधलं तुझं काम तुला इथे करता येईल असं धरून चालू नको. इलोइलोत बीपीओ आहेत, मेडिकल कोडिंग वगैरे शिकून घेतलंस तर काहीतरी होईल, पण तू म्हणतेस ते उत्तरेचं गाव शहरापासून लांब पडणार. गावात साधं दुकान काढायचं म्हटलं तरी परदेशी माणसाला किरकोळ धंद्यासाठी अडीच कोटी पेसो भांडवलाची अट आहे, म्हणजे दुकान नवऱ्याच्याच नावावर. नोकरी नाही, दुकान नाही, जमीन तर घेताच येत नाही. आणि इकडची बागही सोडून येणार? म्हणून म्हणतंय सही करू नको.

दर्यावर्दी_गुहागर

जहाजावर माझी अर्धी जिंदगी फिलिपिनो क्रूबरोबर गेली. माणसं कामाला वाघ आणि घरच्यांसाठी जीव टाकणारी, पगार झाला की पहिलं काम घरी पैसे पाठवायचं. आणि घर म्हणजे फक्त बायकापोरं नाहीत, भाचीची फी, काकाचं ऑपरेशन, चुलतभावाची बोट, सगळं त्याच्यावर. ज्यांनी आपल्याला वाढवलं त्यांचं ऋण फेडायचं ही त्यांच्यात फार खोल गोष्ट आहे, त्याला नावं ठेवू नका, पण तुमच्या दोघांची गल्फची कमाई बंद झाल्यावरही तीच अपेक्षा राहणार. म्हणून दर महिना घरच्यांना किती द्यायचे ते तुम्ही दोघांनी निघायच्या आधीच ठरवा, आणि ते नवऱ्याने आपल्या तोंडाने घरच्यांना सांगावं, सुनेने नाही.

घराबद्दल. आपल्याकडे निसर्ग वादळ एकदा आलं, 3 जून 2020, तर दापोली-मंडणगडच्या बागा अजून धड उभ्या राहिल्या नाहीत. तिकडे वर्षाला वीसेक वादळं त्यांच्या हद्दीत येतात, सगळी काही पनायवर जात नाहीत पण घर बांधताना हाच हिशोब धरायचा. स्लॅब घाला, पाण्याच्या रेषेपासून मागे सरका, मग जागा लहान मिळाली तरी चालेल. योलांडा वादळ किनाऱ्याला जिथे जिथे धडकलं त्यातली एक जागा इलोइलोच्या उत्तरेला कॉन्सेप्सियनचीच होती, तुमचं गाव त्याच पट्ट्यात दिसतंय.

कुडाळ_कोर्टाजवळ

दिवाणी वकिली करतो म्हणून थोडं कायद्याचं.

परधर्मीयाशी किंवा परदेशी माणसाशी लग्न केलं म्हणून मुलीचा वारसाहक्क जात नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आई, भाऊ आणि तुम्ही सारखे वारस, आणि नोंद तर झालेलीच आहे. भारतीय पासपोर्ट ठेवून परदेशी राहिलात तरी वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते. अट एवढीच की एनआरआयला नव्याने शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे आज सही करून दिलीत आणि दहा वर्षांनी वाटलं की वेंगुर्ल्यात आपली चार कलमं असावीत, तर तो मार्ग बंद असेल. रजिस्टर केलेली हक्कसोड मागे घेता येत नाही, फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं, भाऊबहिणीत ते कुणाला हवंय.

आता तिकडची बाजू. फिलिपिन्सच्या 1987 च्या घटनेप्रमाणे परदेशी माणूस जमिनीचा मालक होऊ शकत नाही, वारसाने मिळाली तर गोष्ट वेगळी. कॉन्डो म्हणजे इमारतीतला फ्लॅट घेता येतो, पण एका प्रकल्पात परदेशी लोकांचा वाटा 40 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. तिकडच्या सुप्रीम कोर्टाचा 2006 चा मुल्लर विरुद्ध मुल्लर असा निकाल आहे. जर्मन नवऱ्याने आपल्या पैशाने बायकोच्या नावावर अँटिपोलोत जमीन घेतली, पुढे दोघं वेगळे झाले आणि कोर्टाने सांगितलं की त्या जमिनीचे पैसेही परत मागता येणार नाहीत. तुमच्याबाबतीत तर जागा नवऱ्याचीही नाही, सासऱ्यांची आहे आणि भावंडं बरीच. सासरे शुद्धीवर आणि सही करण्याच्या अवस्थेत असतील तोवर नवऱ्याच्या नावावर त्या तुकड्याचा टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी दाखला, करून घ्या. गावाकडे पुष्कळदा टायटल नसतोच, नुसती टॅक्स डिक्लरेशन म्हणजे कर भरण्यापुरती नोंद असते, ती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. टायटल होईपर्यंत सिमेंटची गोणीही आणू नका. घरासाठी तुमचे पैसे बँकेतूनच जाऊ द्या आणि पावत्या ठेवा.

बोलणं कडू आहे पण सांगतो, तिथे मुस्लिम कायदा सोडला तर घटस्फोट नाही. परदेशी जोडीदाराने आपल्या देशात घेतलेला चालतो, तोही तिथल्या कोर्टातून मान्य करून घ्यावा लागतो. तुमच्यावर ती वेळ येणार नाही असंच मनापासून वाटतं, पण माहिती असावी. मुलं झाली तर ती जन्मानेच फिलिपिन्सची नागरिक, तिकडचा पासपोर्ट काढला की भारतीय नागरिकत्व राहत नाही, मग ओसीआय काढायचं, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड.

वेंगुर्ल्याची_लेक

रात्री सगळं दोघांनी बसून वाचलं, मी एकेक ओळ त्याला इंग्लिशमध्ये सांगितली. लॅबच्या लायसन्सचं त्याला माहीत होतं पण मला सांगायला धजत नव्हता, आधी थोडं भांडण झालं, मग बरं वाटलं. आता असं ठरवतोय की तो आधी जाईल, वडिलांचं बघेल आणि जागेचा टायटल, मी इथली नोकरी सोडायची नाही, रजा घेऊन जाऊन राहून बघेन. तोवर कोडिंगचा कोर्स करते. सासूबाईंची चर्चमध्ये लग्न व्हावं अशी इच्छा आहे, बिशपची परवानगी काढून धर्म न बदलता होतं म्हणे, त्याला माझी ना नाही.

आईला काल फोन करून थेट विचारलं की तुला काय वाटतं. ती म्हणाली, मी असेपर्यंत तुझं नाव सातबाऱ्यावर राहू दे. मग मी भावाला सांगितलं की हक्कसोड नको, पण बागेचं उत्पन्न सगळं तुझं, मला त्यातला रुपया नको, आणि आईच्या औषधपाण्याचा खर्च मी पाठवत जाईन. तो जरा गप्प झाला पण फोन ठेवला नाही. नंतर म्हणाला बँकेचं कर्ज काढायचं झालं, नुकसानभरपाईचा अर्ज करायचा झाला तर प्रत्येक वेळी तुझी सही कुठून आणू. ते त्याचं खरंच आहे. त्याला काय करता येईल?

कुडाळ_कोर्टाजवळ

त्यासाठी मुखत्यारपत्र आहे. जनरल देऊ नका, फक्त पीक कर्ज, विमा, नुकसानभरपाई, आंब्याची विक्री एवढ्याच कामांपुरतं द्या आणि त्यात स्पष्ट लिहा की जमीन विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा हक्क सोडण्याचा अधिकार यात नाही. पीक कर्जाला बँक जमिनीवर बोजा मागत असेल तर त्या वेळी तेवढ्यापुरती वेगळी संमती द्या. अबु धाबीच्या भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करून घ्या, कागद भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायला भावाला सांगा. पुढे तिघांचीही तयारी झाली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो, मग ज्याचा त्याचा सातबारा वेगळा आणि भावाला कुणाच्या सहीसाठी थांबावं लागणार नाही. आईचा हिस्सा मात्र तिच्याच नावावर राहू द्या.