क्वीन मेरी २ ने साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क : आई-बाबांना घेऊन जायचंय, व्हिसा, खोली, जेवण, कपडे यांचं मार्गदर्शन हवं

प्रश्न : मिठागर

पुढच्या जूनमध्ये आई (६५) आणि बाबा (६९) यांना घेऊन बहिणीकडे एडिसनला, न्यू जर्सीला जायचं आहे. बाबांचे गुडघे पाहता मुंबई-नेवार्क थेट विमानात पंधरा-सोळा तास सलग बसणं अवघड आहे. म्हणून मुंबई-लंडन विमान, तिथून साउथॅम्प्टन बंदर, आणि मग क्युनार्ड कंपनीच्या क्वीन मेरी २ या जहाजाने सात रात्रींत न्यूयॉर्क, असा विचार आहे. परत मात्र विमानानेच यायचंय. तिघांचेही पासपोर्ट भारतीय.

आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबांना मधुमेह, रात्री एकदा इन्सुलिन घेतात. माझे प्रश्न असे :

१) अमेरिकेचा व्हिसा असेल तर लंडनला वेगळा व्हिसा लागत नाही असं ऐकलंय, ते खरं का?
२) कुठल्या डेकवरची खोली घ्यावी? जहाज फार हलतं का?
३) आईच्या जेवणाचं काय?
४) गाला नाइटला (जहाजावरची औपचारिक पोशाखाची रात्र) सूट शिवावाच लागेल का? साडी चालते का?
५) हीथ्रो विमानतळाहून जहाजापर्यंत आणि न्यूयॉर्कला जहाज लागतं त्या ब्रुकलिनहून एडिसनपर्यंत कसं जायचं?

प्रतिसाद १ : दीपमाळ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण गाडी इथेच अडते. तुम्ही ऐकलंय ती सवलत विमानाने येऊन विमानानेच पुढे जाणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही विमानाने उतरणार आणि जहाजाने निघणार, म्हणजे ती तुम्हाला लागू नाही. ब्रिटनचा व्हिसा लागणारच. ट्रान्झिटचा व्हिसा ४८ तासांपुरता असतो. विमान उशिरा आलं किंवा जहाजाची तारीख सरकली तर तो तोकडा पडतो, म्हणून सरळ सहा महिन्यांचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा घ्या. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून त्याचा अर्ज करता येतो.

अमेरिकेसाठी बी१/बी२, म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा. त्याच्या मुलाखतीची तारीख मिळायला फार वेळ लागू शकतो, म्हणून क्रम असा ठेवा : आधी अमेरिकेचा व्हिसा, मग जहाजाचं बुकिंग, मग ब्रिटनचा व्हिसा. साउथॅम्प्टनला चेक-इनच्या वेळी कंपनीचे लोक अमेरिकेचा व्हिसा तपासतात. तो नसेल तर जहाजावर घेत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत.

एक फाटा लक्षात ठेवा. काही फेऱ्या हॅम्बुर्गहून सुरू होऊन साउथॅम्प्टनला थांबतात. तुम्ही साउथॅम्प्टनलाच चढणार असाल तर काही बिघडत नाही, पण स्वस्त दिसतं म्हणून हॅम्बुर्गहून तिकीट काढलंत तर जर्मनीसाठी शेंगेन व्हिसाही लागेल.

विमानाची तिकिटं दोन सुट्या एकेरी प्रवासांची काढू नका. मुंबई-लंडन आणि नेवार्क-मुंबई असं एकाच पीएनआरवरचं मल्टि-सिटी तिकीट पाहा. बहुधा ते स्वस्त पडतं आणि सामानाचा नियम दोन्ही बाजूंना सारखा राहतो. शिवाय परतीचं तिकीट हातात असल्यावर ब्रुकलिनला इमिग्रेशन अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तर देणं सोपं जातं.

जहाज सुटायच्या दिवशी सकाळी हीथ्रोला उतरायचं, हा बेत कृपया करू नका. विमान चार तास उशिरा आलं की संपलं. जहाज थांबत नाही आणि पुढचं बंदर थेट न्यूयॉर्क आहे, मध्ये कुठे गाठायची सोय नाही. किमान एक रात्र साउथॅम्प्टनमध्येच काढा.

प्रतिसाद २ : खाडीकाठ

खोली आणि समुद्र याबद्दल.

क्वीन मेरी २ हे नेहमीच्या क्रूझ जहाजांपेक्षा वेगळं आहे. उत्तर अटलांटिक ओलांडायलाच ते बांधलंय : लांबी ३४५ मीटर, पाण्याखाली सुमारे दहा मीटर, पुढचं नाक लांब आणि निमुळतं, आणि कमाल वेग तीस नॉटच्या आसपास. सात रात्रींच्या फेरीत त्यापेक्षा बऱ्याच कमी वेगाने जातात, त्यामुळे मध्ये वादळ टाळायला वळसा घेतला तरी वेळ भरून काढता येतो. हलतं का, तर हलतं. पण जूनमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरपेक्षा खूपच कमी.

लाटेवर जहाज मधल्या भागाभोवती खालीवर होतं. म्हणून टोकाच्या खोल्यांत सगळ्यात जास्त जाणवतं आणि मध्यभागी, खालच्या डेकवर सगळ्यात कमी. तुमच्यासाठी डेक ४, ५ किंवा ६, मध्यभागी, लिफ्टजवळ. शेवटची अट गुडघ्यांसाठी. इतक्या लांब जहाजावर रोजचं चालणंच मोठं होतं. थिएटर पुढे आहे, ब्रिटानिया रेस्टॉरंट मध्याच्या मागे आणि नाचाचा क्वीन्स रूम त्याहून मागे.

बाल्कनीत दोन प्रकार आहेत आणि इथे बरेच जण फसतात. या खालच्या डेकवरच्या ‘शेल्टर्ड’ बाल्कन्या जहाजाच्या पोलादी अंगातच कापलेल्या आहेत. वारा लागत नाही, पण समोर कठड्याऐवजी पोलादी भिंत असते, खुर्चीत बसल्यावर समुद्र दिसत नाही. काचेचा कठडा वरच्या डेकवर मिळतो. मात्र डेक ८ वरच्या बऱ्याच खोल्यांपुढे लाइफबोटी येतात, तेव्हा बुकिंग करताना ‘ऑब्स्ट्रक्टेड’ असं लिहिलंय का ते वाचा. उत्तर अटलांटिकमध्ये बाल्कनीत बसणं जूनमध्येही थोडाच वेळ होतं. जहाजाच्या वेगाचाच ताशी चाळीसेक किलोमीटर वारा, त्यात पश्चिमेकडून येणारा नैसर्गिक वारा समोरून मिळतो. तिघांनी एका खोलीत दाटी करण्यापेक्षा आई-बाबांना एक खोली आणि तुम्हाला जवळच आतली बिनखिडकीची, हे जास्त सोयीचं.

जूनची खरी गंमत म्हणजे धुकं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ ग्रँड बँक्स या उथळ समुद्रात थंड लॅब्राडोर प्रवाह आणि उबदार गल्फ स्ट्रीम भेटतात, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे दाट धुकं धरतं. अशा वेळी नियमानुसार जास्तीत जास्त दर दोन मिनिटांनी एक लांब भोंगा द्यावाच लागतो. रात्री वाजला तर घाबरू नका, आणि आई-बाबांना आधीच सांगून ठेवा.

मळमळीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, ती आधी घ्यावी लागते. अ‍ॅव्होमिनने झोप आणि तोंडाला कोरड येते. वयस्कर माणूस हलत्या जहाजावर गुंगीत चालला तर पडण्याची भीती जास्त. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. आलेपाक, कोरडी बिस्किटं आणि क्षितिजाकडे नजर, हे निरुपद्रवी. उपाशीपोटी मात्र राहायचं नाही.

आता इन्सुलिन. पश्चिमेकडे जाताना सातपैकी पाच रात्री घड्याळ एक-एक तास मागे करतात, म्हणजे पाच दिवस २५ तासांचे होतात. विमानात साडेनऊ तासांचा फरक एकदम पडतो, इथे तो मुंबई-लंडनला साडेचार आणि मग पाच दिवस रोज एक असा विभागतो. डॉक्टरांना हेच वेळापत्रक लिहून दाखवा आणि डोसाची वेळ कशी सरकवायची ते त्यांच्याकडूनच घ्या. खोलीत छोटा फ्रिज असतो. सुया टाकायला वेगळा डबा स्टुअर्डकडे मागा. विमानात इन्सुलिन हातातल्या बॅगेतच, कारण खालच्या सामानात ते गोठू शकतं. आणि साउथॅम्प्टनच्या धक्क्यावर हमालाकडे द्यायच्या बॅगेतही नको, कारण त्या बॅगा खोलीवर यायला कधी कधी संध्याकाळ होते.

जहाजावर दवाखाना आहे, पण बिल डॉलरमध्ये आणि भरभक्कम. ऐन महासागरात हेलिकॉप्टर पोचत नाही. प्रवास विमा घेताना तीन गोष्टी पॉलिसीत लिहिलेल्या पाहा : समुद्रप्रवास धरलाय का, आधीपासूनचा मधुमेह धरलाय का, आणि साठीच्या पुढच्यांसाठी उपचारांवर आतल्या मर्यादा आहेत का. तिसरी बारीक अक्षरात असते.

प्रतिसाद ३ : ओटी

मिठागरताई/दादा, जेवणाचं मी सांगते.

रोजच्या मेनूत शाकाहारी पदार्थ असतातच. पण इंग्रजी मेनूवरच्या ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं धरलेलं असतं. ताजा पास्ता, मेयोनेज, केक, कस्टर्ड, पुडिंग सगळ्यांत अंडं. जेली आणि मूसमध्ये जिलेटिन. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट. वूस्टरशर सॉसमध्ये मासा. म्हणून बुकिंगच्या वेळीच आहाराच्या नोंदीत नुसतं ‘व्हेज’ न लिहिता ‘अंडं, मांस, मासे, जिलेटिन, मांसाचा स्टॉक नको, दूध चालतं’ असं सविस्तर लिहा. ‘व्हीगन’ लिहिलंत तर अंडं टळेल, पण दही-लोणीही जाईल.

नोंद केली म्हणून निर्धास्त राहू नका. पहिल्या संध्याकाळी टेबलावर बसल्या बसल्या हेड वेटरला बोलवून पुन्हा सांगा. दुसऱ्या दिवसाचा मेनू आदल्या रात्री दाखवा असं म्हटलं की ते आणतात, आणि त्यातून निवडलं की स्वयंपाकघराला वेगळं करायला वेळ मिळतो. ऐनवेळी मागितलं तर उकडलेल्या भाज्या आणि भात मिळतो, चूक त्यांची नसते. डाळ-भात-भाजी आदल्या दिवशी सांगितलं तर बहुतेक वेळा जमवतात. स्वयंपाकघरात आणि वाढणाऱ्यांत गोव्याची, मुंबईची माणसं पुष्कळदा असतात, आईंनी मराठीत दोन शब्द बोलायला लाजू नये.

ब्रिटानियात रात्रीच्या दोन पंगती : सहाची आणि साडेआठची. तुम्ही सहाचीच घ्या. घड्याळ बहुतेक रोज मागे जातं, त्यामुळे साडेआठ वाजता शरीराच्या हिशेबाने साडेनऊ झालेले असतात आणि इन्सुलिनवाल्याला ताटकळणं बरं नाही. बुकिंग करतानाच मागा, नंतर सहाची भरते. दुपारी साडेतीनला क्वीन्स रूममध्ये चहा असतो, वाढणाऱ्यांचे पांढरे हातमोजे, स्कोन, क्रीम. बघायला जरूर जा, पण स्कोन-केकमध्येही अंडं असू शकतं, आणि बाबांसाठी तो साखरेचा डोंगर आहे. डेक ७ वरचं किंग्ज कोर्ट हे बुफे. तिथे ताटात काय आहे ते विचारून घेता येतं, म्हणून दुपारचं जेवण आईंना तिथे सोपं जाईल.

घरून मेतकूट, कोरडी चटणी, खाकरे न्या. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, पाण्यात बुडवायची कॉइल मात्र नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात.

कपडे. सात रात्रींत साधारण दोन गाला. बाकीच्या रात्री सहानंतर नीटनेटके कपडे पुरतात : बाबांना कॉलरचा शर्ट, पँट, वर एक कोट असला की झालं. टायची गरज नाही. गालाला टक्सिडो किंवा गडद सूट आणि टाय असं म्हणतात, पण औपचारिक राष्ट्रीय पोशाखही नियमातच मान्य आहे. म्हणजे सूट शिवू नका. बाबांना गडद बंदगळा, तोच दोन्ही रात्री. कुर्ता-पायजमा घालायचा तर वर जाकीट हवंच, नुसता सुती कुर्ता घरगुती दिसतो. आईंना पैठणी, नारायणपेठ, जी आवडेल ती. एक काठापदराची आणि एक हलकी रेशमी इतक्यात भागतं, उगाच चार नेऊन विमानाच्या वजनात अडकू नका. रोजच्याला क्रेप किंवा कॉटन-सिल्क, कारण सुरकुत्या पडत नाहीत. पादत्राणं सपाट आणि मागून पट्टा असलेली. गालीच्यावर आणि जहाज हलताना जिन्यात घसरत्या चपला धोक्याच्या.

गालाच्या रात्री नटायचा कंटाळा आला तर किंग्ज कोर्टमध्ये रोजच्या कपड्यांत जेवता येतं. जहाजावर कपडे धुवायची यंत्रं आणि इस्त्री फुकट आहे, साबणसुद्धा. त्यामुळे रोजचे चार जोड पुरेत. डेकसाठी वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी मात्र प्रत्येकाला हवी.

मिठागर

तिघांचेही मनापासून आभार. ट्रान्झिटचं कळलं ते फार बरं झालं, आम्ही त्याच भरवशावर होतो. साउथॅम्प्टनची रात्र धरली. आता फक्त दोन्ही टोकांचा प्रवास राहिला. आणि चार्जर कुठले न्यायचे?

प्रतिसाद ४ : दीपमाळ

हीथ्रोहून लंडनमध्ये शिरूच नका. हीथ्रोच्या सेंट्रल बस स्थानकातून साउथॅम्प्टनला थेट कोच आहेत, साधारण दोन तास. बॅगा पोटात टाकायच्या आणि बसून राहायचं. आधी लंडनला राहणार असाल तर वॉटर्लू स्थानकातून साउथॅम्प्टन सेंट्रलची गाडी, सव्वा ते दीड तास. रविवार टाळा, त्या दिवशी रुळांची कामं काढतात आणि मध्येच बसमध्ये बसवतात.

साउथॅम्प्टनमध्ये प्रवासी टर्मिनलं पाच आहेत, काही पूर्व गोदीत, काही पश्चिम गोदीत. टॅक्सीवाल्याला ‘क्वीन मेरी’ न सांगता ई-तिकिटावरचं टर्मिनलचं नाव दाखवा, आणि आदल्या दिवशी ते बदललं नाही ना, पाहा. बॅगांना लावायची लेबलं तिकिटासोबतच येतात, घरूनच छापून न्या. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळी मागा, धक्क्यावर पोचल्यावर मागून वाट पाहावी लागते.

चार्जर : खोलीत ब्रिटिश तीन पिनांचं आणि अमेरिकन दोन पिनांचं, दोन्ही सॉकेट आहेत. भारतीय तीन गोल पिनांचा प्लग जात नाही. एक ॲडॅप्टर बस.

जहाजावरचा हिशेब डॉलरमध्ये, रोजची सेवा-रक्कम प्रत्येकाच्या खात्यात आपोआप चढते. भाडं पाहताना ती मिळवून पाहा.

प्रतिसाद ५ : खाडीकाठ

न्यूयॉर्कच्या बाजूचं. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, औषधं, पासपोर्ट, चष्मा बाहेर काढल्याशिवाय त्या ठेवू नका. रात्रीच्या कपड्यांत अडकलेली माणसं दर फेरीला दिसतात.

पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास जहाज व्हेराझानो पुलाखालून जातं. धुराड्याची उंची याच पुलासाठी कमी ठेवली आहे, वर जेमतेम काही मीटर उरतात. त्यानंतर डाव्या हाताला स्वातंत्र्यदेवी. गजर लावा.

इमिग्रेशन टर्मिनलच्या हॉलमध्ये होतं. बहिणीचा पत्ता, परतीचं तिकीट आणि विम्याचा कागद हातात ठेवा. फळं, कढीपत्ता, बिया, मांस, दुधाचे पदार्थ जहाजावरच सोडा. मसाले, चटणी असेल तर विचारल्यावर सांगा, लपवल्यास दंड. बाहेर आल्यावर दोन दिवसांत आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) ऑनलाइन उघडून राहण्याची शेवटची तारीख तपासा. व्हिसावरची तारीख वेगळी आणि ही वेगळी, बंधनकारक ही.

बहिणीला सांगा की टर्मिनल ब्रुकलिनमध्ये रेड हुकला आहे. मॅनहॅटनला बाराव्या अ‍ॅव्हेन्यूवर दुसरं आहे आणि बेयॉनला तिसरं. जीपीएसमध्ये नुसतं ‘न्यूयॉर्क क्रूझ टर्मिनल’ टाकलं तर चुकीच्या जागी नेतं. एडिसनहून गोथल्स किंवा आउटरब्रिज पुलाने स्टेटन आयलंडवर, मग व्हेराझानो पूल ओलांडून रेड हुक. मॅनहॅटनमध्ये शिरायची गरजच नाही. सातला यायला सांगू नका, बॅगा आणि रांग धरून साडेनऊ-दहा होतात. तिने टर्मिनलपासून जरा लांब थांबावं आणि तुम्ही बॅगा घेऊन दाराबाहेर आल्यावर फोन केला की मगच आत गाडी आणावी.