मदत हवी आहे: पहिलं आरसी हेलिकॉप्टर कोणतं घेऊ?

नमस्कार मंडळी. आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, हेलिकॉप्टर उडवायला शिकायचंय, अगदी पहिल्यापासून. एकावर एक, उलट दिशांना फिरणारे दोन रोटर असलेलं कोअॅक्सिअल हवेत स्थिर राहतं, पण वाऱ्यात टिकत नाही. आणि दादरला संध्याकाळी समुद्राचा वारा असतोच. म्हणून एका रोटरचं, चार चॅनेलचं (म्हणजे रिमोटवर चार वेगळी नियंत्रणं असलेलं), जायरोवालं (स्थिर राहायला मदत करणारा सेन्सर असलेलं) फिक्स्ड पिच, म्हणजे पात्यांचा कोन न बदलणारं, घ्यावं असं मनात आहे. उडताना पात्यांचा कोन बदलणारं कलेक्टिव्ह पिच इतक्यात नको, आधी सिम्युलेटरवर हात बसू दे. बरोबर विचार करतोय ना? पाती आणि शेपटीची मोटर सुटी लॅमिंग्टन रोडला मिळते का? मुंबईत पोलिसांचे बंदी आदेशही अधूनमधून निघतात, त्यात रिमोटवरची विमानंही येतात. तेव्हा तुम्ही सराव कुठे करता? हॉलमध्ये जमेल असं मॉडेल असेल तर नक्की सुचवा.