बक्षीसपत्राची घाई नको

"वडील ८१ वर्षांचे आहेत, आंब्याची वाडी (बाग) आत्ताच मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाका, पुढे कटकट नको" असा सल्ला इथे एका भावाला कुणीतरी दिलाय. कळकळीने सांगतो, थांबा. बक्षीसपत्र, म्हणजे मोबदला न घेता मालमत्ता देऊन टाकण्याचा दस्त, नोंदलं की मालकी हयातीतच जाते. देवगडकडच्या आमच्या आत्याने तेच केलं. पुढच्या मोसमात, स्वतः कळशीने पाणी घालून जगवलेल्या हापूसखाली पडलेला आंबा उचलतानाही ती पुतण्याच्या तोंडाकडे बघायची. मी पाहिलंय ते.

मृत्युपत्र मात्र शुद्धीत असेपर्यंत केव्हाही बदलता येतं. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. तरी नोंदवाच, आणि मुंबईला किंवा बाहेरगावी भावंडं असतील तर त्यांना आधी सांगा. वाडी वडिलोपार्जित असेल तर वडिलांना फक्त आपला हिस्सा देता येतो. बहिणींचाही तिथे हक्क आहे.

बक्षीसपत्रच करायचं असेल तर सांभाळण्याची अट त्यातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, अट मोडली तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) ते रद्द करून मागता येतं. आत्याच्या कागदात ती एक ओळ नव्हती.