गव्हातला गुल्ली डंडा क्लोडिनाफॉपला दाद देत नाही: प्रतिकार आला की फवारणी चुकली?

कैथलचा_गहू
नमस्कार मंडळी. हरियाणात, कैथल जिल्ह्यात भात-गहू फेरपालटाच्या १४ एकरांवर गव्हाचा बीजोत्पादन प्लॉट आहे. पेरणी १२ नोव्हेंबरला, पहिले पाणी २२व्या दिवशी, तणनाशक ३५व्या दिवशी. क्लोडिनाफॉप १५ टक्के डब्ल्यूपी (पाण्यात मिसळायची भुकटी), १५ लिटरच्या पंपाला २० ग्रॅम, एकरी ६ पंप. रुंद पानांच्या तणासाठी त्याच टाकीत २,४-डी घातले. नोझल गोल फवाऱ्याचे, कीटकनाशकाला वापरतो तेच.

आज १७ दिवस झाले. चंदनबटवा मेला, पण गुल्ली डंडा (गव्हासारखे दिसणारे गवती तण, इकडे मंडूसी म्हणतात) निम्म्याहून जास्त उभा आहे. याआधी सलग तीन हंगाम हेच तणनाशक वापरले आहे. दुकानदार म्हणतो, दुप्पट मात्रेने परत मारा. बीजोत्पादनात हे तण आक्षेपार्ह धरतात, त्यामुळे सोडूनही देता येत नाही. हा प्रतिकार आहे की आमचे काही चुकले? आता काय करावे?

तणनोंदी
प्रतिकाराचा निष्कर्ष काढण्याआधी तुमच्याच आकड्यांतल्या तीन गोष्टी बघा.

एक, मात्रा. क्लोडिनाफॉप १५ डब्ल्यूपी एकरी १६० ग्रॅम लागते. पंपाला २० ग्रॅम हा हिशेब एकरी ८ पंप, म्हणजे १२० लिटर पाणी धरून केलेला असतो. तुम्ही ६ पंपांत एकर उरकला, म्हणजे एकरी १२० ग्रॅमच पडले. पाऊण मात्रा. "पंपाला इतके" हे माप म्हणूनच धोक्याचे. चालण्याचा वेग वाढला की मात्रा घटते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या वेळी नुसते पाणी भरून १० मीटर × १० मीटर जागा नेहमीच्या चालीने फवारा आणि किती पाणी संपले ते मोजा. त्याला ४० ने गुणले की एकरी पाणी. ३ लिटर संपले तर १२० लिटर. मग एकरी मात्रा तितक्या पंपांत विभागा.

दोन, २,४-डी. क्लोडिनाफॉपसारख्या गवतनाशकात २,४-डी मिसळले की गवतावरचा परिणाम उतरतो. चंदनबटवा मेला आणि गुल्ली डंडा राहिला, हे चित्र या मिश्रणानेही दिसू शकते. दोन्ही फवारण्यांत आठवडाभराचे अंतर ठेवायचे, आधी गवतनाशक.

तीन, नोझल. गोल फवाऱ्याचे थेंब बारीक असतात, वाऱ्याने भरकटतात आणि पट्ट्यात कडेला व मध्ये सारखे पडत नाहीत. तणनाशकाला फ्लॅट फॅन, म्हणजे चपट्या पंख्यासारखा फवारा देणारे नोझलच हवे. पेरणीनंतर उगवणीआधी जमिनीवर मारायचे असेल तर फ्लड जेट (रुंद, जाड थेंबांचा फवारा देणारे नोझल) ही चालते.

आता शेतात जाऊन हे तपासा. वाचलेली झाडे सरळ पट्ट्यांत, वळणाच्या जागी किंवा बांधाच्या कडेला असतील तर फवारणीचा दोष. शेतभर विखुरलेली असतील, एकाच वयाचे मेलेले आणि ठणठणीत झाड हातभर अंतरावर शेजारी-शेजारी असेल, तर प्रतिकाराचा संशय घट्ट होतो. शिवाय १०-१५ झाडांची मधली कोवळी सुरळी ओढून बघा. क्लोडिनाफॉप लागू पडले असेल तर ती अलगद निघून येते, बुडाशी तपकिरी आणि सडलेली असते. सुरळी घट्ट आणि हिरवीगार असेल तर त्या झाडावर औषधाचा परिणामच झाला नाही.

कैथलचा_गहू
धन्यवाद, मात्रेचा हिशेब डोक्यात आलाच नव्हता. आज सकाळी पाहिले. वळणाच्या जागी झाडे दाट आहेतच, पण प्लॉटच्या मध्यभागीही मेलेल्या झाडांना लागून हिरवी झाडे आहेत. हिरव्यांपैकी बहुतेकांची सुरळी घट्ट आहे. ही झाडे फवारणीनंतर उगवलेली नाहीत, फुटवे आलेले आहेत.

रब्बी_सल्ला
म्हणजे दोन्ही आहे. फवारणीही कमी पडली आणि शेतात प्रतिकारक झाडेही आहेत, असे धरून चाला. या पट्ट्यात ते नवल नाही. आयसोप्रोट्युरॉन या जुन्या तणनाशकाला न मरणारा गुल्ली डंडा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच हरियाणा-पंजाबात आढळला. काही शेतांत तो इतका माजला, की लोकांनी गहू हिरवाच कापून चाऱ्याला घातला. १९९७-९८च्या सुमाराला क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन ही पर्यायी औषधे आली आणि काही वर्षे सुखाची गेली. पुढे तीच तीच वापरून त्यांनाही प्रतिकार आला.

दुप्पट मात्रा मारू नका. प्रतिकारक झाड दुपटीनेही बहुधा वाचते, संवेदनशील तेवढे मरते, आणि शेतात उरते ते निवडलेले बी. गव्हाला पिवळेपणा येतो तो वेगळा.

तुमचा गहू आज ५२ दिवसांचा आहे. उगवणीनंतरची तणनाशके ३०-३५ दिवसांना, तण २ ते ४ पानांवर असताना मारायची असतात. फुटवे आलेल्या गुल्ली डंड्यावर कोणत्याही औषधाकडून पूर्ण नियंत्रणाची आशा धरू नका. या हंगामात भिस्त मजुरांवर ठेवा. विरळ भागात फुलोऱ्याआधी उपटा आणि उपटलेले शेताबाहेर न्या, बांधावर टाकू नका. जिथे फारच दाट आहे ते तुकडे ओंबीत दाणा भरण्याआधी गव्हासकट चाऱ्याला कापा. बियाण्याच्या प्लॉटमधून ते तसेही बादच होणार.

कोवळी रोपे ओळखायला: गुल्ली डंड्याच्या बुडाशी लालसर-जांभळी छटा असते. गव्हाच्या पात्याच्या तळाला खोडाला कवटाळणारे केसाळ कान असतात, गुल्ली डंड्याला ते नसतात.

कापणीवर विसंबू नका. हे तण गव्हाच्या आधी पिकते आणि बरेचसे बी हार्वेस्टर येण्यापूर्वीच खाली झडलेले असते.

तणनोंदी
सहमत. पुढच्या हंगामासाठी थोडी भर घालतो, कारण खरा इलाज तिथेच आहे.

औषध बदलायचे म्हणजे कंपनी किंवा नाव बदलायचे नाही, मारण्याची पद्धत बदलायची. क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप आणि पिनोक्साडेन तिन्ही एकाच जागी, म्हणजे स्निग्धाम्ले बनवणाऱ्या एकाच विकरावर घाव घालतात. क्लोडिनाफॉपला न मरणारी काही झाडे पिनोक्साडेनने (५ ईसी, म्हणजे पाण्यात मिसळणारे द्रव औषध, एकरी ४०० मिली) मरतात, पण सगळीकडे नाही. सल्फोसल्फ्युरॉन आणि मेसोसल्फ्युरॉन + आयोडोसल्फ्युरॉन (३.६ डब्ल्यूजी, म्हणजे पाण्यात विरघळणारे दाणेदार औषध, एकरी १६० ग्रॅम) हा दुसरा गट. तिथेही प्रतिकार आढळला आहे, म्हणून दरवर्षी तेच नको.

तुमच्या शेतात मी पहिला भार उगवणीआधीच्या औषधावर टाकेन. पेंडीमेथालिन ३० ईसी एकरी १.५ लिटर, किंवा पायरोक्सासल्फोन ८५ डब्ल्यूजी एकरी ६० ग्रॅम, २०० लिटर पाण्यात, पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत. वरचा थर ओला हवा, ढेकळे फुटलेली हवीत. कोरड्या, ढेकळाच्या रानात थर सलग बसत नाही आणि ढेकळाखालून तण वर येते. बी पाभरीने ५ सेंमी खोल पडलेले असावे. फेकून पेरलेल्या, उघड्या बियाला पेंडीमेथालिन इजा करते. भाताचा पेंढा वर पसरलेला असेल तर बरेच औषध त्यावरच अडकते. पंजाब कृषी विद्यापीठाचे लकी सीड ड्रिल पेरणी आणि ही फवारणी एकाच फेरीत करते. ते भाड्याने मिळाले तर ओल उडण्याचा प्रश्नच राहत नाही.

यातून सुटलेल्या झाडांवर ३०-३५ दिवसांना दुसऱ्या गटाचे औषध. आधी पहिले पाणी, मग वाफशावर, धुके उतरून ऊन पडल्यावर.

रब्बी_सल्ला
औषधाइतकीच पेरणीची तारीख महत्त्वाची. गुल्ली डंडा थंडी पडल्यावर जोमाने उगवतो. गहू ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरला तर तणाचा पहिला लोंढा येईपर्यंत पीक जमीन झाकू लागते. शून्य मशागतीने, म्हणजे न नांगरता पेरले तर माती कमी हलते आणि उगवणही कमी होते. उशीरच होणार असेल तर आधी पाणी देऊन तण उगवू द्या, ते हलक्या मशागतीने मारा, मग पेरा.

आणि १४ पैकी निदान ४-५ एकरांवर एक-दोन वर्षे गहू नको. बरसीम (वारंवार कापायचे चाऱ्याचे पीक) सर्वांत चांगले. दर कापणीत गुल्ली डंडाही ओंबी भरायच्या आत कापला जातो. फक्त बरसीमचे बी स्वच्छ घ्या. महाराष्ट्रात कुणी उत्तरेकडून गव्हाचे किंवा बरसीमचे बी आणत असेल त्यांनीही हे बघावे. हा दाणा गव्हापेक्षा खूपच बारीक, राखाडी आणि चकचकीत असतो, चाळणीने वेगळा करता येतो.

कैथलचा_गहू
दोन शंका. खात्रीची चाचणी घरच्या घरी होते का? आणि गव्हानंतर काही भागात चाऱ्याची ज्वारी असते, त्याला यातले काही बाधते का?

तणनोंदी
ज्वारी, बाजरी किंवा मका घ्यायचा असेल तिथे सल्फोसल्फ्युरॉन वापरू नका. त्याचा अंश जमिनीत राहतो आणि ही पिके त्याला फार नाजूक आहेत.

चाचणी होते. उपटण्याआधी प्लॉटच्या मध्यभागची, म्हणजे फवारणी नीट पडलेल्या जागची ३०-४० वाचलेली झाडे खुणेची काठी लावून राखा. ओंबी पिवळी पडू लागली की कागदी पिशवीत झटकून बी घ्या, मग ती झाडेही काढून टाका. ताजे बी सुप्त असते, लगेच उगवत नाही. कोरडे ठेवून नोव्हेंबरमध्ये कुंड्यांत पेरा. सोबत कधीच तणनाशक न पडलेल्या जागचे बी तुलनेला हवेच, त्याशिवाय निकालाला अर्थ नाही. कुंडीत १०-१५ रोपे ठेवा, २-३ पानांवर फवारा: नुसते पाणी, अर्धी मात्रा, पूर्ण, दुप्पट, चौपट. प्रत्येकी तीन कुंड्या. चार आठवड्यांनी जिवंत रोपे मोजा. तुलनेची रोपे पूर्ण मात्रेला मेली आणि तुमची दुपटीलाही उभी राहिली, तर तो प्रतिकारच. तसे दिसले तर थोडे बी कर्नालच्या गहू व जव संशोधन संस्थेला किंवा हिसारच्या कृषी विद्यापीठाला दाखवा. पिशवीवर गेल्या चार हंगामांत काय, किती आणि कितव्या दिवशी मारले ते लिहून द्या.