पेशींचा ‘दहावा उतारा’?

टिळकवाडीकर:
पुतणी मूलपेशींच्या, म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या इतर जातींच्या पेशी बनू शकतात अशा पेशींच्या, प्रयोगशाळेत काम करते. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, इथल्या एका मराठी शाळेत तिला बोलायचंय. मसुदा मला तपासायला दिला, त्यात वाक्य होतं: ‘या पेशींचा सध्या दहावा उतारा चालू आहे.’ म्हटलं, पेशींनाही नजर लागते की काय! तर म्हणे, “काका, लॅबमध्ये ‘पॅसेज’ म्हणतात, शब्दकोशात त्याला उतारा दिलाय.” आता बेळगावात उतारा म्हटलं की एकतर जमिनीची पहाणी, नाहीतर तिठ्यावरचा लिंबू-भात. दुसरा शब्द सुचवा.

खानापूरकर:
मास्तर, आधी करतात काय ते सांगा. शब्द मागनं बघू.

टिळकवाडीकर:
तिच्याकडून समजलं ते असं. पेशी 37 अंशांच्या कपाटात, बशीत वाढतात. बशी सत्तर-ऐंशी टक्के भरली की त्या सोडवून, थोड्या थोड्या करून नव्या बश्यांत घालायच्या. एकदा असं केलं की एक पॅसेज. उशीर झाला तर दाटीत पेशी आपोआप दुसऱ्याच जातीच्या व्हायला लागतात, मूलपेशीपण जातं. आणि सोडवताना अगदी सुट्ट्या करायच्या नाहीत, लहान लहान पुंजकेच उचलायचे. सुटी झालेली माणसाची मूलपेशी बहुधा मरते. 2007 साली जपानी संशोधकांनी त्यावर एक औषध दाखवलं, तेव्हापासून सुट्ट्या केलेल्याही बऱ्याच जगतात.

खानापूरकर:
अहो, ही तर लावण! भाताच्या रोपांचा तरवा दाटला की उपटायचा आणि चिखलात लावायचा. दिवस उलटले तर रोप तरव्यातच जून होतं. आणि आम्हीही एकेक काडी नाही लावत, दोन-तीन काड्यांचा चूड लावतो. ‘दहावी लावण’ म्हणा, आमच्याकडच्या पोरांना लगेच कळेल.

शहापूरची सूनबाई:
भाऊ, भाताची लावण हंगामात एकदाच. इथं तर दहा-दहा वेळा चाललंय. मला हे विरजण वाटतं. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्या. माझं माहेर कन्नड, आम्ही हेप्पू म्हणतो. आणि बरेच दिवस तेच ते चालवलं की दही आंबट व्हायला लागतं, मग शेजारणीकडून ताजं विरजण आणावं लागतं. पेशींचंही तसं होतं का, विचारा की.

टिळकवाडीकर:
विचारलं. ती हसतच सुटली. म्हणे अगदी तस्संच. पॅसेज वाढतात तसे गुणसूत्रांत बिघाड साठत जातात, म्हणून सुरुवातीच्या पॅसेजच्या पेशी उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनात राखून ठेवतात. पेशी बिघडल्या की तिथून नवी कुपी काढायची. शेजारीण म्हणजे नायट्रोजनची टाकी! पण ‘दहावं विरजण’ भाषणात बरं दिसेना. ‘फेरलावण’ कसं वाटतं?

वडगावचा वाचक:
मध्येच बोलतो. ‘मूलपेशी’ तरी बरोबर आहे का? पोरांना ती लहान मुलांची पेशी वाटते. शिवाय मूळ जर्मन शब्द, जीवशास्त्रज्ञ हेकेलनं 1868 मध्ये वापरलेला, त्यात खोड आहे, मूळ नाही. वंशवृक्षाचं खोड. कन्नड पेपरात ‘कांडकोश’ छापतात, कांड म्हणजे खोड, कोश म्हणजे पेशी, ते जास्त नेमकं.

टिळकवाडीकर:
नेमकं आहे, पण मराठीत कोश म्हणजे शब्दांचा, नाहीतर रेशमाच्या किड्याचा. मूलपेशी रुजलाय, राहू दे. मला खरी अडचण ‘फीडर’ची. 1998 साली अमेरिकेत संशोधक थॉमसन यांनी माणसाच्या भ्रूणातल्या मूलपेशी पहिल्यांदा वाढवल्या, त्या उंदराच्या पेशींच्या थरावर. तो थर स्वतः वाढत नाही, वरच्यांना नुसता पोसतो. पुतणीनं ‘खाद्यथर’ लिहिलंय, जणू त्या त्याला खातात. मी ‘पोशिंदा थर’ केलं. पण या पेशी पुढं उपचारासाठी वापरायच्या तर उंदराचा काही अंश रुग्णाच्या अंगात जायला नको, म्हणून आता पोशिंद्याशिवाय वाढवतात. थॉमसन यांच्याच प्रयोगशाळेनं 2011 मध्ये त्यासाठी आठच घटकांचं द्रावण काढलं.

शहापूरची सूनबाई:
पोशिंदा झकास!

खानापूरकर:
पोशिंदा चालेल. फेरलावणही चालेल, पण एक सांगून ठेवतो. आमच्यात ओढ्याच्या पाण्यानं रोप वाहून गेलं, की परत लावायला लागतं. फेरलावण म्हटलं की आमची माणसं तेच धरतील. पोरगीला म्हणावं, शब्द वापरायच्या आधी बशी दाखव.